आप्पा पाणंदीत, सुमन माजघरात: थरारपट आपल्याला धरून कसा ठेवतो

2016 साली 'रात्रीस खेळ चाले' ही मालिका सुरू झाली आणि सावंतवाडीजवळच्या आकेरीचा तो वाडा बघायला लोक गाड्या करून यायला लागले. आलेल्यांपैकी काहींची तरी निराशा झाली असणार. सकाळच्या उन्हात ते कोकणातलं एक जुनं घर, बस. तसं एखादं घर आपल्यापैकी अनेकांच्या आजोळी होतंच. मग रात्री पडद्यावर तेच घर अंगावर का यायचं?

आता तर मोबाइलवर शॉर्टफिल्म करणारी पोरं गावोगावी दिसतात. त्यांचा, आणि बघणाऱ्यांचाही, एक समज पक्का असतो: अंधार, पाऊस, जुनं घर आणि मोठा आवाज एवढं जमवलं की थरार तयार. हा सगळा मसाला झाला. मासा वेगळाच आहे, आणि तो म्हणजे माहिती. कुणाला काय ठाऊक आहे, कुणाला नाही, आणि प्रेक्षकाच्या पानात ती कधी वाढली, यावर सगळं उभं असतं. वर्षानुवर्षं वापरून ठरून गेलेल्या थरारपटाच्या युक्त्या, म्हणजे त्याचे संकेत, या वाढपासाठीच आहेत.

आधी 'सस्पेन्स' या शब्दाचा घोळ

खून झाला आहे, कुणी केला ते शोधायचं आहे, असं असेल तर तो रहस्यपट. त्याची नजर मागे असते. खून होणार आहे आणि तो टळेल का, हा प्रश्न असेल तर थरारपट, नजर पुढे. समोर जे उभं आहे ते माणसाच्या नियमांत बसतच नसेल तर भयपट. एका सिनेमात तिन्ही सापडतील, पण एका प्रसंगात एकच धरावं. तिन्ही एकदम ढवळली की कढी फुटते.

आपण बोलताना म्हणतो, "अरे, सस्पेन्स फोडू नको!" म्हणजे खुनी कोण ते सांगू नको. सिनेमावाल्यांच्या भाषेत सस्पेन्स याच्या जवळजवळ उलट आहे. प्रेक्षकाला पात्रापेक्षा कमी माहीत असेल तर निर्माण होतं ते कुतूहल. दोघांना एकाच क्षणी कळलं तर तो धक्का. आणि प्रेक्षकाला आधीच कळलं, पात्र मात्र बेखबर असलं, तर जो जीव टांगणीला लागतो तो सस्पेन्स. गोंधळ नको म्हणून त्याला इथून पुढे 'ताण' म्हणू.

टेबलाखालचा बॉम्ब, माजघरातली सुमन

ताण आणि धक्का यांतला फरक समजावणारं सगळ्यांत गाजलेलं उदाहरण थरारपटांचे दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक यांचं आहे. फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो यांनी 1962 मध्ये त्यांची जी प्रदीर्घ मुलाखत घेतली, तीत ते येतं. दोन माणसं टेबलाशी बसून साध्या गप्पा मारतायत, अचानक टेबलाखाली बॉम्ब फुटतो. प्रेक्षक दचकतो, पण ते दचकणं 15 सेकंदांचं. तेच, बॉम्ब ठेवताना प्रेक्षकाला आधी दाखवला आणि तो एक वाजता फुटणार हेही सांगितलं, तर त्याच कंटाळवाण्या गप्पा 15 मिनिटं जीव मुठीत धरून ऐकल्या जातात. गप्पा त्याच, बॉम्ब तोच, फक्त सांगण्याचा क्रम बदलला.

हेच आपल्या घरात आणून बघू. सुमन ही घरातली धाकटी सून. दुपार कलली आहे, घरात कुणी नाही. माजघरातल्या भिंतीतल्या फडताळात सासऱ्यांचं मृत्युपत्र आहे असा तिला संशय आहे आणि ती ते शोधतेय. थोरले दीर, आप्पा, बाजारात गेलेत.

हा प्रसंग तीन तऱ्हांनी घेता येतो. एक: कॅमेरा सुमनबरोबरच राहतो आणि मागून अचानक आप्पांचा हात तिच्या खांद्यावर पडतो. हा धक्का. थिएटरात एक किंकाळी, मग हशा, मग विसर. दोन: सुमन काय शोधतेय हे आपल्याला सांगितलंच नाही, फक्त ती फडताळ उपसतेय असं दिसलं. हे कुतूहल. बरं चालतं, पण पाच-सात मिनिटांत उत्तराचा तुकडा द्यावा लागतो. तीन: आप्पा पाकीट विसरलं म्हणून बाजाराच्या अर्ध्या वाटेतून परत फिरतात, आणि ते आपल्याला दिसतं. आता सुमनने फडताळाची कडी काढली तरी आपण मनात म्हणतो, "अगो, लवकर कर!" तिसऱ्यात कुणी ओरडत नाही, रक्त नाही, अंधारही नाही.

नवख्यांची चूक इथे ठरलेली. तिसरी तऱ्हा निवडतात, पण आप्पा परत फिरल्याचं शेवटच्या मिनिटाला दाखवतात. धोका आधी पेरला नाही तर ताण धरायला जागाच मिळत नाही. सहा मिनिटांचा प्रसंग असेल तर आप्पांचं परत फिरणं पहिल्या मिनिटाच्या आत यायला हवं.

आणि ताणलेलं सोडवावंही लागतं. हिचकॉक यांच्याच 1936 च्या 'सॅबोटाज'मध्ये एका मुलाच्या हातात नकळत बॉम्बचं पार्सल असतं, प्रेक्षकाला ते ठाऊक असतं, आणि शेवटी बॉम्ब खरंच फुटून मुलगा मरतो. प्रेक्षक चिडले. पुढे हिचकॉक यांनीही ती आपली चूक असल्याचं मान्य केलं. इतका वेळ जीव टांगून ठेवायचा आणि वर नुकसानही करायचं, हे लोक सहन करत नाहीत.

घड्याळ लागतंच, कोकणात ते समुद्राकडे असतं

थरारपटाला मुदत लागते. बॉम्बचा आकडा, खंडणीची वेळ, सुटणारं विमान. मुदत नसेल तर पात्राला घाई नाही, आणि पात्राला घाई नसली की प्रेक्षक मोबाइल काढतो. त्यासाठी लाल आकड्यांचं घड्याळ दाखवायची गरज किनाऱ्यावर नाही. दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळची शेवटची फेरीबोट चुकली की खाडीला वळसा घालून रस्त्याने जावं लागतं, हे एका वाक्यात सांगितलं की काम झालं. साकवावरून, म्हणजे ओढ्यावरच्या छोट्या पुलावरून, वाहणारं पाणीही तसंच.

सगळ्यांत चांगली मुदत म्हणजे भरती. तिच्यासाठी खलनायक लागत नाही आणि तिच्याशी वाटाघाटी होत नाहीत. पण ती वापरायची तर हिशेब नीट करावा. एका भरतीपासून पुढची भरती साधारण 12 तास 25 मिनिटांनी येते, म्हणजे रोजची वेळ सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे मोठी भरती, अष्टमीच्या सुमारास भांगाची, म्हणजे लहान भरती. आपल्या किनाऱ्यावर पौर्णिमेला भरती दुपारी आणि मध्यरात्रीच्या आसपास असते, ओहोटी सकाळ-संध्याकाळी. आता कल्पना करा: डोक्यावर पूर्ण चंद्र, रात्रीचे बारा, आणि नायक कोरड्या खाडीच्या चिखलातून पलीकडे चालत जातोय. मुंबईच्या प्रेक्षकाला ते दृश्य सुंदर वाटेल. दाभोळचा माणूस मात्र हसेल, आणि एकदा हसला की पुढचा अर्धा तास त्याला घाबरवता येत नाही. उधाणाच्या मध्यरात्री नायकाला अडकवायचं असेल तर पाणी चढतंय असं दाखवा. खाडी चालत ओलांडायला लावायची असेल तर पौर्णिमेच्या संध्याकाळी सहाला, किंवा अष्टमीच्या मध्यरात्री. तेव्हा चंद्र अर्धाच असेल, हेही विसरू नका.

सगळे ज्याच्यामागे लागतात तो कागद

पात्रं जिवावर उदार होऊन जी वस्तू शोधतात, तिला मॅकगफिन म्हणतात. हिचकॉक यांनीच हा शब्द रुळवला. ती वस्तू नक्की काय आहे याला फारसं महत्त्व नसतं. पात्रांना ती हवी आहे, एवढं पुरतं. पेनड्राइव्ह, हिऱ्यांची थैली, चावी, काहीही.

तरी ती हवी असणं पटायला लागतं. कोकणात गोष्ट घडवायची म्हटली की हात पहिला जमिनीकडे जातो आणि पटकथेत चोरलेला सातबारा येतो. सातबारा तर डिजिटल सहीसह ऑनलाइन निघतो! त्यासाठी कुणी कुणाचा गळा कशाला दाबेल? हाताने लिहिलेलं मूळ मृत्युपत्र ठेवा, ज्याची दुसरी प्रत नाही. म्हणून सुमनच्या फडताळात ते आहे.

मॅकगफिनचा जुळा भाऊ म्हणजे चकवा. इंग्रजीत त्याला 'रेड हेरिंग', म्हणजे धुरावलेला लाल मासा म्हणतात. हेरिंग हा आपल्या तारलीच्या जातकुळीतला. त्याचा उग्र वास वाटेवर ओढून शिकारी कुत्र्यांना भलत्या दिशेला न्यायचं, अशी त्या शब्दामागची कथा आहे. ज्याच्या अंगणात पावसाळ्याची बेगमी म्हणून बोंबील वाळलेत त्याला हे समजावून सांगायची गरज नाही.

चकव्याचा नियम एकच: तो खोटा नसावा. घरगड्याच्या सदऱ्यावर डाग दिसला आणि शेवटी "तो नव्हताच" एवढंच कळलं, तर प्रेक्षकाला फसवल्यासारखं वाटतं. डाग होता, तो रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या फळाच्या, रसाचा होता, आणि तो रातांबे चोरून विकत होता म्हणून घाबरलेला होता, असं कळलं तर चकवा पचतो. तेवढ्यासाठी गोष्ट मात्र मे महिन्यातली हवी; जानेवारीत रातांबे कुठून आणणार? दोन तासांच्या सिनेमात असे दोन चकवे पुरे. चौथ्या संशयितानंतर प्रेक्षक डोकं लावायचं सोडून देतो.

वेतोबाच्या चपला: जुळणीची जादू

गेल्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत रशियात दिग्दर्शक लेव्ह कुलेशॉव्ह यांनी एक प्रयोग केला. एका नटाचा निर्विकार चेहरा घेतला आणि तोच तुकडा तीन वेगळ्या चित्रांशी, म्हणजे शॉट्सशी, जोडला: सूपची वाटी, शवपेटी, एक स्त्री. बघणाऱ्यांना त्याच चेहऱ्यावर कधी भूक, कधी दुःख, कधी ओढ दिसली. चेहऱ्यात काहीच बदललं नव्हतं. अर्थ दोन चित्रांच्या सांध्यात तयार होतो.

वेंगुर्ला तालुक्यात आरवलीच्या वेतोबाला लोक केळीचे घड आणि चामड्याच्या भल्या मोठ्या चपला वाहतात. देव रात्री गावाची राखण करत फिरतो, म्हणून चपला झिजतात, अशी श्रद्धा. आता त्या चपलांचं एक जवळून घेतलेलं चित्र मनात आणा. त्याच्या पुढे नवस फेडायला आलेल्या म्हाताऱ्या बाईचा चेहरा जोडा, मागे घंटेचा आवाज ठेवा: आधार वाटतो. तेच चित्र, त्याच्या पुढे शहरातून आलेल्या तरुणीचे विस्फारलेले डोळे, खाली घुमणारा खर्जातला आवाज: "बापरे, कुणाच्या आहेत या?"

"सिनेमावाले आमच्या देवस्थानांची बदनामी करतात" ही तक्रार कोकणात नेहमी ऐकू येते. ती उगाच नाही. राखणदाराला खलनायक करायला एकही शब्द बोलावा लागत नाही, एक सांधा पुरतो. 'शहरातला पाहुणा विचित्र गावात येतो' हा थरारपटाचा जुना संकेत आहे आणि त्यात गाव कायम पाहुण्याच्याच डोळ्यांनी दिसतं. आमच्या मते तो आता शिळा झाला आहे. गावातल्या माणसाला शहरातल्या पाहुण्याची भीती वाटते, असं उलटं करून बघायला काय हरकत आहे? सांधे तेच लागतील, फक्त डोळे बदलतील.

समुद्र कुठल्या हाताला?

पाठलागातली सर्वांत नेहमीची चूक दिशेची. पळणारा पडद्यावर डावीकडून उजवीकडे जात असेल तर पाठलाग करणाराही तसाच जायला हवा. दोघांना जोडणारी एक काल्पनिक रेघ धरायची आणि कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवायचा. यालाच 180 अंशांचा नियम म्हणतात. कॅमेऱ्याने रेघ ओलांडली की पळणारा उलटा फिरला असं वाटतं आणि दोघं एकमेकांवर येऊन आदळणार की काय, असा भास होतो.

पुळणीवर हे तपासणं सोपं आहे. पहिल्या चित्रात समुद्र चौकटीच्या उजव्या हाताला असेल तर पाठलाग संपेपर्यंत तो उजवीकडेच राहिला पाहिजे. बाजू बदलायचीच असेल तर मध्ये एक समोरून घेतलेलं चित्र टाका, किंवा पळणाऱ्याला कॅमेऱ्यादेखत वळू द्या.

कानाला आधी कळतं

"मोठा आवाज केला की लोक दचकतात, मग एवढा खटाटोप कशाला?" दचकतात, खरं आहे. झोपलेल्याच्या कानाशी ताट वाजवलं तरी तो दचकेल. त्याला कुणी कला म्हणत नाही. शिवाय ही युक्ती लवकर बोथट होते. एका सिनेमात तिसऱ्यांदा केली की लोक आधीच खांदे आवळून बसतात. करायचीच तर आवाजाच्या आधीचे दोन-तीन सेकंद जवळजवळ शांत हवेत.

त्यापेक्षा शांतता जास्त कामाची. रातकिडे ओरडत असतात आणि जवळ कुणी आलं की गप्प होतात. हे खरंच घडतं, गावात वाढलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. म्हणून पाणंदीतून कुणी येतंय हे सांगायला संगीत नको. रातकिडे बंद करा. पण बंद करायला ते आधी दोन-तीन मिनिटं वाजत असायला हवेत, नाहीतर थांबल्याचं कळणारच नाही.

पावलं, कडी, कपड्यांची सळसळ असे आवाज बहुतेक वेळा चित्रीकरणानंतर वेगळे करून बसवतात. जॅक फोली या तंत्रज्ञाच्या नावावरून त्याला फोली म्हणतात. इथे शहरातले स्टुडिओ हमखास फसतात. शेणाने सारवलेल्या जमिनीवर अनवाणी पावलाचा आवाज जवळजवळ येतच नाही, आणि सिनेमात मात्र तिथे बूट घालून लाकडावर चालल्यासारखी टकटक ऐकू येते. तो आवाज माडीचा. फळ्या करकरतात त्या तिथे. चिऱ्यावर वहाण घासल्यासारखी वाजते, ओल्या वाळूत फसकन, सुक्या पातेऱ्यात चर्र. एकाच घराच्या तीन जमिनींचे तीन आवाज नीट ठेवले तर माणूस न दाखवताही तो कुठवर आला ते प्रेक्षकाला कळतं. सुमनला कळतं तसंच.

चित्रीकरणाच्या जागी काम आटपल्यावर सगळ्यांना गप्प उभं करून एक मिनिट नुसता तिथला आवाज रेकॉर्ड करून घ्या. संवादांच्या मधल्या फटी बुजवायला तो लागतो. पावसाळ्यात हे दर तासाला करावं लागतं, कारण सरीचा जोर बदलतो. आणि पत्र्याच्या पडवीखाली पावसात संवाद घेऊच नयेत, नंतर काही करता येत नाही.

न दाखवण्याचाही एक किस्सा इथेच सांगण्यासारखा आहे. 1975 च्या 'जॉज'साठी बनवलेला यांत्रिक शार्क खाऱ्या पाण्यात सारखा बंद पडायचा. म्हणून स्टीव्हन स्पीलबर्ग यांना बराच वेळ मासा न दाखवता, पाण्यावरची पिंपं आणि संगीतकार जॉन विल्यम्स यांचे ते दोन स्वर यांवर भागवावं लागलं. लोक पोहायला घाबरू लागले ते त्या न दिसणाऱ्या माशाला.

अंधार उजेडात घेतात

खऱ्या अंधारात कॅमेऱ्याला दिसतो तो दाणेदार करडा चिखल. पडद्यावरचा अंधार म्हणजे थोडा उजेड आणि पुष्कळ सावली. कंदील हातात असलेल्या बाईचा चेहरा त्याच कंदिलाने उजळलेला असतो असं समजू नका. चौकटीबाहेर त्याच दिशेला एक मंद पिवळा दिवा लपवलेला असतो.

पाऊस समोरून उजेड टाकला तर दिसतच नाही. दिवा पावसाच्या मागे, कॅमेऱ्याच्या दिशेने तोंड करून ठेवला की थेंब चमकतात. मुसळधार पावसात चित्रीकरण करूनही पडद्यावर पाऊस कोरडा का वाटतो, त्याचं उत्तर हे.

रात्रीचा समुद्र उजळणं कुणाच्या खिशाला परवडत नाही. त्यासाठी तिन्हीसांजेची वेळ धरतात: सूर्य बुडाल्यावर निळसर उजेड आपल्याकडे 20-25 मिनिटं टिकतो. तेवढ्यात तीन-चार चित्रं होतात, म्हणून तालीम दुपारीच उरकून ठेवायची. दुसरा मार्ग म्हणजे दिवसा रात्र घेणं. सूर्य पात्रांच्या पाठीशी ठेवायचा, आकाश चौकटीत येऊ द्यायचं नाही, आणि कॅमेऱ्यात उजेड दोन स्टॉप कमी घ्यायचा. एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा, म्हणून दोन म्हणजे पाव. नंतर थोडी निळी झाक. फसतं ते आकाशामुळे. माडांच्या झावळ्यांतून पांढरं आकाश डोकावलं की दुपार उघडी पडते.

दोन बारीक गोष्टी. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणून कॅमेऱ्याचा शटर 1/50 सेकंदावर ठेवा, नाहीतर स्वस्त एलईडी बल्ब चित्रात लुकलुकतो. आणि एसीच्या खोलीतून कॅमेरा थेट दमट हवेत काढला की लेन्सवर वाफ धरते. बॅगेतच ठेवून अर्धा तास बाहेर राहू द्या.

"पोलिसांना फोन का करत नाही हा?"

थिएटरात हा प्रश्न कुणीतरी विचारतोच. याचं उत्तर संकटाच्या वेळी देऊन चालत नाही. ऐनवेळी "रेंज नाही" म्हणणं ही पळवाट झाली. तेच पहिल्या वीस मिनिटांत नायक व्हिडिओ कॉलसाठी सड्यावर, म्हणजे उंचावरच्या कातळमाळावर, चढून हात उंच करून उभा आहे आणि पोरं त्याला हसतायत असा गमतीचा प्रसंग आला, तर तासाभराने तीच गोष्ट गळ्याशी येते. याला पेरणी म्हणतात. पेरलेलं विनोदात झाकलेलं असलं तर उत्तम, कारण हसणारा माणूस पहारा देत नाही.

एकूण बांधणीही अशीच, रापणीसारखी. जाळं होडीतून मोठा वेढा घालून टाकतात, दोन्ही टोकं किनाऱ्यावर, ओढणारे सावकाश ओढतात. आतल्या माशाला बराच वेळ समुद्र मोकळाच वाटतो. सिनेमाचा पहिला पाव भाग वेढा टाकायचा, मधला अर्धा ओढायचा. एकेक वाट बंद होते: फोन, फेरीबोट, विश्वासातला माणूस. शेवटच्या पाव भागात खळबळ. घाई करून एकच टोक ओढलं तर मासे दुसरीकडून निघून जातात. पटकथेतली फट असते ती अशीच.

"शेवट कळला तर मजा काय राहिली?"

मग दशावतार कोण बघतं? जत्रेत रात्री उशिरा खेळ सुरू होतो, पहाटे दहीकाल्याला संपतो. आख्यान पुराणातलं, सगळ्यांना पाठ असलेलं. राक्षस कोण हे रंगवलेल्या चेहऱ्यावरून आणि त्याच्या आरोळीवरून प्रवेशालाच कळतं. शेवट ठरलेला. तरी मृदंग आणि झांज चढली की पेंगणारी पोरं टक्क जागी होतात. लिहिलेली संहिता नसल्यामुळे नट जागच्या जागी काय बोलेल, राक्षस कुठल्या शब्दात अडकेल, हे मात्र कुणालाच ठाऊक नसतं. 'काय होणार' माहीत असतं, 'कसं' आणि 'कधी' उरतं. ताणाला तेवढं पुरतं. फुटलं की संपतं ते फक्त कुतूहल, म्हणून रहस्यपटाचा शेवट सांगणाऱ्यावर चिडणं मात्र रास्त आहे.

आप्पा पायरीशी

आता सुमनचा प्रसंग कापून बघू. वेळ तेवढी दुपारची दिवेलागणीवर आणू, वीज गेलेली. फडताळाच्या कडीवर सुमनचा हात: 6 सेकंद. पाणंदीत हलणारा बॅटरीचा उजेड: 5. कागदांचे गठ्ठे, लाल दोरा: 4. आप्पांच्या वहाणा चिऱ्याच्या पायवाटेवर: 3. सुमनची बोटं दोऱ्याच्या गाठीत: 2. रातकिडे थांबतात. चित्रं आखूड होत गेली की छाती आपोआप जलद चालायला लागते, आणि प्रेक्षकाला वाटतं की पुढचं चित्र एका सेकंदाचं, दार उघडणारं असणार.

इथे वेग मोडायचा. आप्पा खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, आले आहेत. बाहेरून आलेला माणूस पाय न धुता घरात येत नाही, म्हणून पायरीशी कळशी भरून ठेवलेली आहे. ते वाकून तांब्या बुडवतात. हे एकच चित्र, न कापता, 20 सेकंद. मुद्दाम वेळ काढला असं कुणी म्हणू शकत नाही, कारण बघणाऱ्यानेही घरी आल्यावर हेच केलेलं असतं. डाव्या पायावर पाणी. बॅटरी काखेत धरलेली, तिचा उजेड भिंतीवर वाकडा.

मग पाण्याचा आवाज चालू ठेवून चित्र सुमनवर न्यायचं. मृत्युपत्र तिच्या हातात आहे, गठ्ठा अजून उघडा. तिचे डोळे दाराकडे नाहीत, ती ऐकतेय. एक पाय झाला. दुसऱ्या पायाचं पाणी सुरू होतं आणि मध्येच थांबतं.

"कोण आसा गो आत?"

यानंतर आप्पांचा चेहरा दाखवायचा मोह होतो, तो टाळा. कॅमेरा सुमनवरच राहू द्या, आणि तांब्या पायरीवर ठेवल्याचा आवाज येऊ देऊ नका. तो टणत्कार आला तर आप्पा आत यायला निघाले हे कळतं. तो येत नाही तोवर ते तिथेच, एक पाय ओला, एक कोरडा, वाकून उभे आहेत.